हाउसकीपिंग ठेक्यावर देताना कमी दराच्या कोटेशनबद्दल

कळंगुटच्या तुमच्या हॉटेलचं हाउसकीपिंग आणि सिक्युरिटी बाहेर द्यायचीय, तीन कोटेशनांतलं सर्वांत स्वस्त घेऊ का, असं विचारलंय. घेऊ नका.

बाहेर का द्यायचं ते वेगळं सांगत नाही. ऑक्टोबर ते मे माणसं पुरत नाहीत, पावसाळ्यात खोल्या रिकाम्या. आम्हीही त्याचसाठी दिलं.

आमचा ठेकेदार दर बिलाला पीएफचं चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती, जोडायचा. चलन खरं, पैसे भरलेले, पण दुसऱ्या साइटवरच्या माणसांचे. चलनावर एकूण रक्कम असते, नावं नसतात. सीझन संपून गावी ओडिशाला गेलेली पोरं पैसे काढायला बसली, तर खात्यात काहीच नाही. त्यांच्या पगारातून 12 टक्के दर महिन्याला कापलेले! पीएफ कार्यालयात गेलो, तर "ठेकेदाराला घेऊन या" एवढंच उत्तर. तो फोन उचलेना. लेखी अर्जाची पोच द्यायलाही त्यांनी टाळाटाळ केली. पुढे वसुलीची नोटीस आली ती आमच्या नावावर, कारण ठेकेदाराने भरलं नाही तर मुख्य मालकाला, म्हणजे काम देणाऱ्या हॉटेलला, भरावं लागतं. तेच पैसे आम्ही दुसऱ्यांदा भरले. त्या पोरांची काहीच चूक नव्हती, याचा राग अजून जात नाही.

म्हणून चलनासोबत ईसीआर, म्हणजे पीएफचं महिन्याचं विवरणपत्र, मागा. त्यात प्रत्येकाचं नाव आणि यूएएन (त्याचा पीएफ क्रमांक) असतं, ते तुमच्या हजेरीपटाशी ताडा. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत असते. त्यानंतरही ईसीआर आला नाही तर एजन्सीचा सर्व्हिस चार्ज अडवा. पगाराची रक्कम अडवू नका, त्यात मुलंच भरडतात. शिवाय मुलांना उमंग ॲपवर स्वतःचं पासबुक बघायला शिकवा. मला तर हीच तपासणी सगळ्यांत भरवशाची वाटते.

स्वस्त कोटेशन असं तपासा: किमान वेतन, त्यावर मालकाकडचे पीएफचे शुल्कासह 13 टक्के, ईएसआयचे (कामगारांचा आरोग्य विमा) 3.25, बोनसचे किमान 8.33. दर या बेरजेच्या खाली असेल तर कोणाचा तरी पैसा बुडणार आहे.

जीएसटीही धरा. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांना 5 टक्के लागतो, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय, नाही. तुमच्या खोल्या त्यात बसत असतील तर एजन्सीच्या बिलावरचे 18 टक्के सरळ खर्चात जातात.

मी वकील नाही. नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यात, तेव्हा किती माणसांवर कोणती नोंदणी लागते ते सल्लागाराकडून लेखी घ्या. तो सल्लागार ठेकेदाराने सुचवलेला नसावा.

लाँड्री मात्र खुशाल बाहेर द्या. फक्त दर नगावर ठरवा, किलोवर नको. पावसात ओलसर चादरींचंही वजन भरतं.