कागदाचं कोलाज शिलाई मशीनवर शिवता येतं का? माझा कागद टिपेवरच फाटतो

तुमचे प्रश्न दोन आहेत: कागद शिवल्याने घरचं मशीन बिघडेल का, आणि कागद टिपेवर का फाटतो. मशीन बिघडत नाही. मी आईच्या काळ्या पायमशीनवर कितीतरी वर्षं कागद शिवतेय आणि त्याच मशीनवर परकर-ब्लाउजही शिवते. सुई मात्र वेगळी ठेवा. कागदाने तिचं टोक लवकर बोथट होतं आणि तीच सुई रेशमी कापडाला लावली की धागे ओढले जातात. कागदाच्या सुया मी कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवते. दोन-तीन थरांना १४ नंबर पुरते, पत्रिकेचा जाड कागद असेल तर १६.

फाटण्याचं मूळ टाक्याच्या लांबीत आहे. कापडात सुई शिरते तेव्हा धागे बाजूला सरकतात आणि पुन्हा जवळ येतात. कागदाला पडलेलं भोक तसंच राहतं. टाका २ मिलिमीटरचा असेल तर एका इंचात बारा-तेरा भोकं पडतात आणि पोस्टाच्या तिकिटासारखा कागद त्या रेषेवर सुटतो. माझं पहिलं कोलाज असंच गेलं. आजोबांनी जपलेल्या एसटीच्या तिकिटांचं होतं. भिंतीवर लावायला उचललं आणि खालचा अर्धा भाग हातात आला. खूप रडले होते त्या दिवशी. तेव्हापासून टाका ४ मिलिमीटरच्या आसपास आणि वरच्या दोऱ्याचं टेन्शन जरा सैल ठेवते. ताणलेला दोरा कागद कापतो.

अजून एक गोष्ट बघा. वर्तमानपत्राचं पान उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं, कारण कागदाचे तंतू एकाच दिशेला झोपलेले असतात. टीप त्या दिशेने मारली तर कागद लगेच दगा देतो. आडवी किंवा तिरकी मारा. नाजूक कागदाखाली मलमलचा तुकडा घ्या, मग टाका कापडाला धरून राहतो. हातकागद मिळाला तर फारच छान. तो सुती चिंध्यांपासून बनतो, तंतू लांब असतात, टाका पक्का धरतो. पुण्यात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, जवळपास असाल तर एकदा नक्की जा.

तुकडे आधी गोंदाने अगदी थोडे चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. ओला गोंद सुईला लागला की दोरा अडकून तुटतो. सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप मारू नका, तिथे भोकांवर भोकं पडून कागदाचा भुगा होतो. वीतभर दोरा सोडा, मागे ओढून गाठ मारा. कोपऱ्यावर चाक हाताने फिरवा, सुई कागदात रुतलेली ठेवून फूट, म्हणजे कागद दाबून धरणारा पाय, उचला आणि मग कागद वळवा. उसवणं इथे नाहीच, भोकं दिसत राहतात. म्हणून मी शिवण्याआधी टिपेची रेघ पेन्सिलीने फिकट काढून घेते.

काम झालं की सुईखालची पत्री काढा. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांमध्ये आणि खालचा दोरा असतो त्या शटलजवळ कागदाची पांढरी भुकटी बसलेली दिसेल. ती ब्रशने झाडा, फुंकू नका, आत जाते. तेलाचे दोन थेंब सोडा, आणि चांगलं कापड लावण्याआधी एखाद्या चिंधीवर चार टिपा मारा, म्हणजे जास्तीचं तेल तिथेच निघून जाईल.