‘वदरिंग हाइट्स’मधला हीथक्लिफ एवढा क्रूर का वागतो? कॅथरीनवरचं त्याचं प्रेम तर खरं होतं ना?

होतं. पण त्या प्रेमापायी त्याच्या बायकोच्या, इझाबेलाच्या वाट्याला काय आलं, तेही विचारा.

एम.ए.ला आम्हाला एमिली ब्राँटेची ही १८४७ची कादंबरी होती. त्याच वर्षी माझी आतेबहीण आमच्याकडे येऊन राहिली होती. नवऱ्यानं तांब्या फेकून मारला होता, भुवईवर तीन टाके. तो रोज रात्री आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभा राहायचा, भर पावसातसुद्धा. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, “तापट आहे हो, पण जीव किती आहे तिच्यावर!” आणि मी आत बसून तेराव्या प्रकरणातलं इझाबेलाचं पत्र वाचत होते. लग्न करून हीथक्लिफच्या घरात गेल्यावर ती माहेरच्या मोलकरणीला, नेलीला विचारते, हीथक्लिफ माणूस आहे का? असेल तर वेडा आहे का? आणि नसेल तर सैतान आहे का?

दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, हीथक्लिफसारखं प्रेम मिळायला भाग्य लागतं. मी उभी राहिले आणि कुत्रीचं विचारलं. इझाबेला त्याच्याबरोबर पळून जाते त्या रात्री तिची लाडकी फॅनी भिंतीतल्या आकड्याला रुमालानं टांगलेली नेलीला सापडते, शेवटची धुगधुगी उरलेली. ते तिच्यादेखत केलं, हे पुढे तो स्वतःच सांगतो; एवढं बघूनही आली म्हणून तिलाच हिणवतो. सर म्हणाले, “तुम्ही तपशिलात अडकता. पॅशन कळत नाही तुम्हाला.” वर्ग हसला, मी खाली बसले. तेव्हा बोलायचं राहिलं ते आज बोलते: तपशील सोडला तर त्या माणसाबद्दल बोलायला उरतं काय?

बहुतेकांच्या मनातला हीथक्लिफ सिनेमातला असतो. १९३९चा सिनेमा कथा अर्ध्यावरच संपवतो. कादंबरीची प्रकरणं ३४, कॅथरीन सोळाव्यात जाते. त्यानंतरचा हीथक्लिफ बघा. पोटचा मुलगा मरायला टेकलाय, तर त्याच्यावर दमडी खर्चणार नाही म्हणतो. कॅथरीनच्या मुलीचे, धाकट्या कॅथीचे वडील अंथरुणाला खिळलेले असताना तिला कोंडून त्याच मुलाशी लग्न लावतो. कॅथरीनच्या भावाच्या, हिंडलीच्या मुलाला, हेअरटनला मुद्दाम अडाणी ठेवतो आणि त्याचा अभिमान बाळगतो.

कारण हिंडली, हे मान्य. बापानं लिव्हरपूलच्या रस्त्यावरून आणलेल्या हीथक्लिफला त्यानं म्हातारा गेल्यावर गडी करून राबवलं, झोडपलं. पण हिंडलीचं घर गिळून झालं होतं, तो दारू पिऊन मेलाही होता. हेअरटननं काय केलं होतं?

एक मात्र लक्षात ठेवा, हे बहुतेक सगळं नेलीच्या तोंडून येतं आणि तिचेही रागलोभ आहेत. शिवाय हीथक्लिफ मेल्यावर ऊर फुटून रडतो तो हेअरटनच.

सतरावं प्रकरण आधी वाचा. कानाखाली हीथक्लिफनं फेकलेल्या सुरीची जखम घेऊन इझाबेला बर्फातून पळत येते, अंगठी काढून निखाऱ्यात टाकते. ते मी आतेबहिणीला मराठीत सांगितलं होतं. तिनं विचारलं, “मग पुढे काय झालं तिचं?” म्हटलं, लंडनच्या बाजूला गेली, तिथंच मुलगा झाला, बारा वर्षांवर जगली.

“बारा म्हणजे बरीच झाली गं,” ती म्हणाली.