प्रश्नावलीत गुण जास्त आले, म्हणजे विकार आहे का?

प्रश्न : माझं वय ३१. ऑनलाइन प्रश्नावली भरली, त्यात ‘परावलंबी व्यक्तिमत्त्वाची दाट शक्यता’ असा निकाल आला. भरताना नवरा शेजारीच होता, काही उत्तरं त्याला विचारून लिहिली. काही महिन्यांपूर्वी नोकरी गेली, तेव्हापासून झोप उडाली आहे, कशातच मन लागत नाही. मला हा विकार आहे का?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. परावलंबी व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे रोजच्या साध्या निर्णयांसाठीही सतत दुसऱ्याचा आधार लागणं. अशी प्रश्नावली म्हणजे चाळणी चाचणी. कोणाशी सविस्तर बोलायला हवं एवढंच ती दाखवते.

साधा हिशेब करून बघा. समजा, हजारात सहाजणांना हा विकार आहे. चाचणीने त्यातले पाच पकडले आणि उरलेल्या ९९४ पैकी दर दहात एकाला चुकून विकार असल्याचं दाखवलं, तर शंभराच्या वर लोकांना तुमच्यासारखा निकाल मिळेल आणि त्यात खरे पाचच असतील. म्हणून असा निकाल घेऊन कोणी आलं की मी आधी गुण बघत नाही, उत्तरं बघते.

‘निर्णय घेण्याआधी मला दुसऱ्याचा सल्ला लागतो’ हेच वाक्य घ्या. तुम्ही ‘हो’ लिहिलं असेल. मी विचारेन, शेवटचं कधी असं झालं? कोणता निर्णय होता? सल्ला मिळाला नसता तर काय केलं असतं? घर घेताना चारजणांना विचारणं वेगळं आणि आज कोणते कपडे घालू हे कोणी सांगेपर्यंत कपाटासमोर उभं राहणं वेगळं. कागदावर दोन्हींचं उत्तर ‘हो’च.

तुमच्या बाबतीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, झोप आणि उदासी. नैराश्यात माणूस स्वतःला दुबळा समजतो, आधार शोधतो, आणि प्रश्नावलीत तोच त्याचा कायमचा स्वभाव म्हणून उमटतो. नैराश्य ओसरल्यावर हेच गुण पुष्कळदा खाली येतात. परावलंबित्वाचं निदान करायचं तर हा कल तरुणपणापासून आणि अनेक नात्यांत, प्रसंगांत दिसायला हवा. नोकरी जाण्याआधी तुम्ही कशा होतात, हे मला आधी जाणून घ्यावंसं वाटतं. डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत या विकाराचे आठ निकष आहेत, त्यातले किमान पाच लागतात आणि ते मुलाखतीतूनच तपासतात.

दुसरी गोष्ट, शेजारी बसलेला नवरा. तुम्ही सवयीने विचारलंत, त्याच्याच मताने उत्तर बरोबर ठरेल असं वाटलं, की वेगळं उत्तर लिहिलं तर तो चिडेल अशी भीती होती? डीएसएममध्ये ‘आधार तुटेल म्हणून मतभेद दाखवता न येणं’ हा एक निकष आहे. पण समोरचा खरोखरच त्रास देईल अशी भीती असेल, तर ती या निकषात धरायची नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. प्रश्नावलीला हा फरक कळत नाही. मारहाण, पैसे अडवणं, माहेरी बोलू न देणं असं काही घडत असेल, तर गप्प राहणं हा स्वभावदोष नाही. तो स्वतःला सांभाळण्याचा मार्ग असतो.

मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जा. झोप आणि उदासीबद्दल आधी सांगा. निकालाचा कागद न्यायचा तर न्या, पण पहिली भेट एकटीने घ्या. नवरा बाहेर थांबला तरी चालेल. त्याची भीती वाटत असेल तर तज्ज्ञांना ते सुरुवातीलाच सांगा, म्हणजे पुढचं बोलणं तिथून सुरू करता येईल.