परवाचा वायदा

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलगा सात वर्षांचा, सकाळी दप्तर पाठीवर चढलं की पोटात कळ, आणि रविवारी एकदम बरा. बाबा नौदलाच्या जहाजावर. तू रोज रात्री सांगतेस, "परवा येतील हं." ते "परवा" आधी बंद कर.

अगं, जहाज कधी परतेल हे तुझ्या नवऱ्यालाही पक्कं ठाऊक नसतं, आणि असलं तरी घरी सांगायची मुभा नसते. मग तू तारीख कुठून आणलीस? ती चुकली की तुझ्या शब्दावरचा त्याचा भरवसा उडतो. मग शाळेत जायला पाय निघत नाही, त्याच्या मनात येतं: मी नसताना आईसुद्धा गेली तर?

कळ खरी असते, सोंग नव्हे. आधी वास्कोच्या नौदल रुग्णालयात, जीवंतीत, बालरोगतज्ज्ञांना दाखव. ताप, घटलेलं वजन, झोपेतून उठवणारी कळ, यातलं काही असेल तर कारण दुसरं शोधायला हवं. नसेल तर शाळा बुडवू नकोस. एक दिवस घरी ठेवलंस की पोट दुखायचं लगेच थांबतं आणि दुसऱ्या सकाळी जास्त जोरात दुखतं. बाईंना सांगून ठेव: दुखलं तर दहा मिनिटं बसू द्या, पाणी द्या, पुन्हा वर्गात. घरी फोन नको.

"बाबा कधी येणार?" "दिवस मला माहीत नाही. कळला की त्याच दिवशी तुला सांगेन." एवढंच. लोकांना हे कठोर वाटतं. वाटू दे. गोड खोटं सांगून मुलांना गप्प करणाऱ्यांत मीही होते, त्याची टोचणी अजून आहे. म्हणून या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

भिंतीवरचं उलट मोजणीचं कॅलेंडरही काढ. तीही तारीखच. त्यापेक्षा काचेची बरणी घे, बायणाच्या नाहीतर बोगमाळोच्या किनाऱ्यावरून शिंपले आणा, रोज रात्री त्याने एक टाकायचा. गेलेले दिवस मोजायचे, उरलेले नाहीत. परतणं लांबलं तरी बरणी खोटी पडत नाही.

काळजीचं बोलणं संध्याकाळी दुधाच्या वेळी, पंधरा मिनिटं, अंथरुणावर नको. हात पोटावर, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच वेळा. हे तो खेळात रमलेला असताना शिकव. कळ आल्यावर नवं काही डोक्यात शिरत नाही. बातम्या त्याच्यासमोर नकोत. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत दिवसभर टीव्ही चालू असलेली घरं आठव.

गोव्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद असतात. तो विचारेलच, मग बाबा कसे समुद्रात? "काही होणार नाही" म्हणू नकोस, तोही वायदाच! म्हण, "मासे त्या दिवसांत अंडी घालतात, म्हणून ट्रॉलर बंद. लाटाही मोठ्या असतात. बाबांचं जहाज खूप मोठं आहे, ते चालवायचं शिक्षण त्यांनी घेतलंय, आणि ते एकटे नाहीत."

महिनाभरात फरक नाही पडला, किंवा जेवण-झोप सुटली, तर थांबू नकोस. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. पैसे पडत नाहीत, रात्रीही कुणीतरी उचलतं.

बाबा आल्यावर तो तुझ्या मागे लपला तर पुढे ढकलू नकोस. दोन-तीन दिवस जातील. बरणी मात्र तो सांगेपर्यंत रिकामी करू नका.

तुझी,
मावशी