पाईप नंतर बदला, आधी जमिनीखालची लाईन तपासा

ताई, सोलापूरच्या मुरारजी पेठेतलं जुनं घर, गच्चीवरून उतरणारा बिडाचा पाईप तळाशी उभा तडकलाय, जोत्यालगतची फरशी खचलीय आणि गवंडी एम-सील लावून मोकळा व्हायला बघतोय, असं तुम्ही लिहिलंय. यात मला पाईपपेक्षा त्या खचलेल्या फरशीची काळजी वाटते.

बीड गंजतं ते भिंतीकडच्या अंगाने, कारण तिथं रंगाचा ब्रश पोचत नाही. पण वरचे तुकडे धड आणि फक्त तळाचा तडकलेला, म्हणजे खाली पाणी तुंबत असण्याची शक्यता जास्त. दोन-तीन बादल्या पाण्यात नीळ कालवून गच्चीवरून सोडा आणि कुणाला तरी चेंबरपाशी उभं करा. निळं पाणी रेंगाळत आलं तर लाईन चोकअप आहे. आलंच नाही तर ते घराच्या पायाखाली मुरत असण्याची शक्यता जास्त.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. जुन्या चिनी मातीच्या पाईपांचे सिमेंटने भरलेले सांधे ही ओढाताण सोसत नाहीत. सांधा उघडला की आवारातल्या कडुलिंबाची मुळं आत शिरलीच म्हणून समजा. सळई घालून ती काढाल, पण पुन्हा येतील. त्यामुळे निळं पाणी आलं नाही तर सरळ खोदा.

जमिनीखाली आयएस 15328 (हा भारतीय मानकाचा क्रमांक) चा पीव्हीसी पाईप घाला. भिंतीवरचा पातळ पाईप तिथं चालत नाही. 110 मिमी पाईपला 10 फुटांमागे 3 इंच ढाळ द्या. चरात खाली 4 इंच क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), पाईपच्या बाजूंना आणि वरही तीच. निघालेली काळी माती पाईपला अजिबात लागू द्यायची नाही, गवंडी कितीही कुरकुरला तरी. काटकोनी बेंडऐवजी 45 अंशांचे दोन वापरा आणि भिंतीच्या तळाशी दार असलेला तुकडा बसवा, म्हणजे पुढे साफ करता येईल.

भिंतीवर आयएस 13592 चा ए टाईप पाईप पावसाच्या पाण्याला पुरतो. सांधे रबर रिंगचे घ्या. पाईप पूर्ण आत ढकलून मग 10 मिमी मागे ओढायचा, नाहीतर आपल्या उन्हात फुगून तो क्लॅम्प उपटतो. जुने बिडाचे तुकडे वरून खाली उतरवायचे, तेही दोघांनी. फार जड असतात.

आणि गच्चीवरचं हे पावसाचं पाणी संडासाच्या लाईनला जोडू नका. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिमी पाऊस झाला तर साधारण 4,600 लिटर पाणी होतं. ते सगळं त्या लाईनीत गेलं तर मोरीतून घरात उलटेल. बोअर असेल तर फिल्टर लावून तिकडे वळवा, फक्त शोषखड्डा पायाला लागून नको.

चर बुजवण्याआधी टेप धरून फोटो काढा आणि पाईप भिंतीपासून किती फुटांवर, किती खोल आहे ते लिहून ठेवा.