सरकारी आरोग्यसेवा आणि श्रीमंतांवरील कर

प्रश्न : सरकारने सर्वांना मोफत उपचार दिले, तर त्याचा भार श्रीमंतांवरच का टाकावा?

उत्तर : ‘मोफत’ म्हणजे उपचारांच्या वेळी पैसे मागितले जात नाहीत, एवढेच, ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून ही सेवा मुख्यतः सर्वांच्याच करांतून चालते. अमेरिकेत मात्र एकट्या व्यक्तीच्या २ लाख डॉलरपुढील वेतनावर २०१३ पासून मेडिकेअर या सरकारी विम्यासाठी ०.९ टक्के जादा कर आहे आणि तो मला रास्त वाटतो. कारण छातीत कळ आलेल्या माणसाने रुग्णवाहिका बोलावण्याआधी खर्चाचा हिशेब करावा, हे कोणत्याही समाजाला शोभत नाही. तरीही औषधांच्या किमती उतरल्या नाहीत, तर वाढीव महसूल तिथेच जिरेल. किमतींबाबत घासाघीस करण्याचा अधिकार मेडिकेअरला २०२२ च्या कायद्याने मिळाला, तोही निवडक औषधांपुरताच.