अमेरिकेत अकरावीत शिकणाऱ्या मुलाच्या कॉलेजची तयारी पालकांनी कोठून सुरू करावी?

खर्चापासून, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक घरांत अकरावीचे वर्ष एसएटी या प्रवेश परीक्षेच्या गुणांच्या चिंतेत जाते. मात्र केंद्रीय आर्थिक साहाय्याच्या ‘फाफ्सा’ अर्जात प्रवेशाच्या दोन वर्षे आधीचे उत्पन्न धरले जाते, म्हणजे २०२७ मध्ये प्रवेश घेणाऱ्यासाठी २०२५ चे. केंद्रीय साहाय्याच्या योजनेत असलेल्या कॉलेजांना संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’, म्हणजे साहाय्य वजा जाता पडणाऱ्या खर्चाचा अंदाज देणारे साधन, ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. मुलाला शेजारी बसवून त्यात घरचे आकडे भरावेत, कारण जाहीर शुल्क आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत मोठी तफावत असू शकते.

एच-४ व्हिसावरील (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील पालकांसोबत आलेल्या) मुलांना, आणि आपल्या मराठी कुटुंबांत अशी मुले पुष्कळ आहेत, हे केंद्रीय साहाय्य मिळत नाही. राज्य विद्यापीठांत रहिवाशांचा कमी दर त्यांना लागू होतो का, याचे नियम राज्यागणिक वेगळे असल्याने विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्यावे.

परीक्षेच्या शिकवणीवर पैसे घालण्यापूर्वी कॉलेजांची यादी करावी: कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी एसएटीचे गुण पाहत नाही, एमआयटी मात्र ते मागते. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना उन्हाळी सुट्टीपूर्वीच विनंती करावी. ‘कॉमन अ‍ॅप’, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला खुले होते. ‘अर्ली डिसिजन’मध्ये, म्हणजे एकाच पसंतीच्या कॉलेजला लवकर अर्ज करण्याच्या पद्धतीत, निवड झाल्यास तेथेच प्रवेश घेण्याचे वचन द्यावे लागते, म्हणून ज्या कुटुंबाला निरनिराळ्या कॉलेजांचे साहाय्य ताडून पाहणे भाग आहे, त्याने त्या वाटेला जाऊ नये.